तुमच्या हुकुमाखाली

शेख हिजामच्या बैठकीत समोरासमोरच्या भिंतींवर दोन खुंट्या होत्या, आणि त्या फारशा रिकाम्या नसत. विहिरीवरून, बांधावरून, सोयरिकीवरून कुणाचं वाजलं की दोघेही आपापली बंदूक घेऊन यायचे, हिजामच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "ही तुमच्या हुकुमाखाली." एवढं बोललं की झालं. निवाडा होईपर्यंत एकानं दुसऱ्याच्या वाटेला जायचं नाही, आणि निवाडा मानल्यावरच बंदूक घरी न्यायची. पंचाच्या हातात हत्यार देण्याचा त्या मुलखात दुसरा अर्थच नव्हता. येमेनच्या त्या पूर्वेकडच्या टोकाला राजधानी सनाच्या दरबाराचा शिक्काही चालायचा, पण तो या शब्दाच्या मागून चालायचा.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला खुंट्यांवर ज्या बंदुका आल्या त्या परक्यांच्या होत्या.

आधी एडनहून इंग्रज आला. त्याची मान उन्हानं अशी भाजली होती की वस्तीनं त्याचं नाव विचारलंच नाही, लाल्या म्हणून मोकळी झाली. त्याला मिठाच्या डोंगरात रस होता. त्या डोंगरात प्रत्येक घराची आपली भेग होती, बापाकडून मुलाकडे आलेली. तिथून लाद्या कापायच्या, उंटावर घालायच्या आणि सनाच्या बाजारात न्यायच्या, यावर सगळी जमात जगत होती. लाल्याला मीठ नको होतं. मिठाच्या खाली काय आहे ते पाहायचं होतं. तो पुस्तकातली अरबी बोलायचा, मौलवीसारखी. कॉफीच्या टरफलांचा काढा पिऊन झाल्यावर त्यानं एक नवी कोरी बंदूक दोन्ही हातांवर आडवी धरली आणि म्हणाला, "शेख, ही तुमच्या हुकुमाखाली."

तंटा असला तर दुसरा पक्षही मागून येईल, असं हिजामनं धरलं. मग त्यानं बंदूक घेतली आणि खुंटीला लावली.

आठवडा गेला न गेला तोच समुद्रापलीकडच्या, इटलीच्या ताब्यातल्या अस्माराहून एक इटालियन डॉक्टर आला. त्यानं मुलांच्या डोळ्यांत औषध घातलं, म्हाताऱ्यांचे दात काढले, आणि मग तोही डोंगराकडे बघायला लागला. त्याच्याबरोबर दुभाषा म्हणून आमिलाचा, म्हणजे सुभेदाराचा, कारकून आला होता, काझी मुतह्हर; तिकडं लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या कारकुनालाही काझीच म्हणत. डॉक्टरनं भिंतीवरची बंदूक पाहिली आणि काझीला काहीतरी विचारलं. मग आपल्या खेचरावरून त्याहून चांगली बंदूक आणवली, हिजामसमोर धरली, आणि लाल्याचेच शब्द अडखळत, पण स्वतःच्या तोंडानं म्हटले.

दुसरी खुंटीही भरली. हिजामच्या मनानं घेतलं, की हे दोघे आपला तंटा तोडायला माझ्याकडे आलेत. त्याला त्याचा थोडा अभिमानही वाटला. एवढ्या मोठ्या राज्यांची माणसं, पण रीत ओळखून आली.

वस्तीनं मात्र ते वेगळ्या डोळ्यांनी पाहिलं. डोंगरावर लाद्या कापता कापता त्याचा चुलतभाऊ दैफुल्ला सगळ्यांच्या देखत म्हणाला, "काय शेख, डोंगर एक आणि बंदुका दोन. एकच डोंगर दोघांना विकायचं आम्हालाही शिकवा की."

"गहाण आहेत त्या. निवाड्यासाठी."

"हो, हो. माझी बायकोपण माहेराहून तूप आणते ते निवाड्यासाठीच."

लोक हसले. हिजामही हसला, पण कुदळ चुकीच्या जागी बसली आणि लादी फुटली.

दोन दिवसांनी काझी मुतह्हर एकटाच परत आला. आमिलानं त्याला पाठवलं होतं. गालात हिरवी पानं धरून तो उशीला टेकला आणि म्हणाला, "शेख, आमिलसाहेब विचारतात, कुणाला पसंत केलंत? सनाच्या दरबारानं दोघांनाही हो म्हटलंय, दोघांनाही नाही म्हटलंय. तुमच्या जमातीनं राखण कबूल केल्याशिवाय इथं कुदळ पडायची नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तुम्ही बोट दाखवाल त्याचा कागद होईल."

"बोट कशाला दाखवू? निवाडा देईन. दोघांनी बंदुका ठेवल्यात."

काझीचं चघळणं थांबलं. "ठेवल्यात? शेख, त्या भेटी आहेत."

"हुकुमाखाली म्हणाले ते."

"अहो, त्यांच्याकडं तसं बोलायची पद्धत आहे. मी आपल्या सेवेत, माझं ते तुमचं, असं. लाल्यानं पुस्तकातून शब्द काढला. डॉक्टरनं तो ऐकून माझ्याकडून पाठ करून घेतला, म्हणजे आपण कमी पडायला नको."

"आणि तू काही बोलला नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला कळलंय. सनात सगळ्यांना कळतं."

काझी गेल्यावर हिजाम दोन भिंतींच्या मधोमध बसून राहिला. त्याची बायको हमामा भाकरी घेऊन आली तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे दैफुल्ला खरा ठरला," ती म्हणाली.

"भेट म्हणून ठेवल्या तर मी विकला गेलो. परत केल्या तर लोक म्हणतील, भाव जमला नाही. उद्या विहिरीचं भांडण घेऊन माझ्या दारात कोण येईल?"

हमामानं भाकरी मोडून त्याच्यापुढं ठेवली. "सालेहच्या बापा, तू चाळीस वर्षं लोकांना काय सांगतोस? एखादा येऊन सांगतो, मी असं म्हणालो पण माझ्या पोटात तसं नव्हतं. तेव्हा काय म्हणतोस?"

"साक्षीदारांसमोर तोंडातून निघालं ते तुझं. पोटातलं अल्लाला ठाऊक."

"मग त्यांच्या पोटात तू कशाला शिरतोस?"

हिजामनं दोघांनाही निरोप धाडले. शुक्रवारची नमाज झाल्यावर वस्तीबाहेरच्या मोठ्या बोरीखाली सगळी जमात बसली. लाल्या आला, डॉक्टर आला, दोघांच्या मध्ये काझी, घाम पुसत. दोन्ही बंदुका हिजामच्या पुढ्यात घोंगडीवर होत्या. दोघा परक्यांना वाटत होतं की आज कुणाची तरी निवड होणार. दैफुल्ला पुढच्याच रांगेत येऊन बसला होता.

"या दोन बंदुका माझ्या हुकुमाखाली दिल्या," हिजाम म्हणाला. "कुणी ऐकलं?"

बैठकीत हजर असलेल्यांनी हात वर केले. काझीनंही केला. आमिलाचा असला तरी तो खोटं बोलणारा नव्हता.

"मग निवाडा ऐका. डोंगर माझ्या लोकांचा. तुम्ही ज्याच्यासाठी भांडता ते तुमच्यापैकी कुणाचंच नाही. पण भांडण माझ्याकडं आणलंत, म्हणून सांगतो. मिठाच्या खाली जे काही असेल त्याला हात लावायचा असला, तर एकानं दुसऱ्याला घेऊन या बोरीखाली यावं. दुसऱ्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणावं, माझी हरकत नाही. मग आमच्याशी बोलणं सुरू करा. तोवर कुणाची कुदळ पडणार नाही, आणि मीठ आमचं आम्ही काढू. ज्यानं भांडण आणलं त्यानं जेवण घालायचं, ही रीत आहे. एकेक मेंढा."

काझीनं डॉक्टरला त्याच्या भाषेत सांगितलं. लाल्याचं तोंड मानेसारखंच लाल झालं. भेट कशी गहाण झाली हे त्याच्या ध्यानात आलं होतं. तो उठायला लागला, पण मध्येच त्यानं डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टर त्याच्याकडेच पाहत होता. हळूहळू दोघांच्याही खांद्यांवरचा ताण उतरला.

हिजामनं असे खांदे आधी पाहिले होते. आईचा हार वाटताना दोघे भाऊ असेच बसायचे. मला नाही मिळाला तरी चालेल, पण त्याच्या बायकोच्या गळ्यात नको.

"मान्य," लाल्या म्हणाला.

"मान्य," डॉक्टर म्हणाला.

मेंढे कापले गेले. दैफुल्लानं पोटभर खाल्लं, बोटं चाटली आणि म्हणाला, "निवाडा चवदार होता, शेख." त्याच्याकडून यापेक्षा जास्त काही मिळायचं नव्हतं. निवाडा मान्य झाला होता, पण पुरा झाला नव्हता, म्हणून बंदुका पुन्हा खुंट्यांवर गेल्या. हिजाम दोन्हींना सारखं तेल द्यायचा.

आमिल बदलला, पुन्हा बदलला. कधी लाल्याचा माणूस चौकशीला यायचा, कधी डॉक्टरचा, आणि दोघेही एकच विचारायचे, दुसरा तर आला नाही ना? डोंगर तसाच राहिला. पण हिजामच्या जिवाला एक खोड लागली. जन्मभर त्यानं भांडणं मिटवली होती. आता नमाजेनंतर हात पसरले की त्याच्या मनात यायचं, या दोघांचं कधी न जमो. मग तो शरमून हात खाली घ्यायचा.

आणि एका वर्षी हिवाळा सरल्यावर, मीठ विकून सनाहून परतलेला दैफुल्ला उंट बांधायच्या आधीच बैठकीत आला.

"खुशखबर शेख. लाल्याचं आणि डॉक्टरचं जुंपलं. साधं नाही, तोफा, विमानं. समुद्रापलीकडं नुसती आग आहे. आता ते कसले बोरीखाली येतात?"

हिजामला हायसं वाटलं नाही. "कोण जिंकतंय?"

"लाल्याची माणसं. अस्मारा पडलं म्हणे."

हिजामनं डॉक्टरची बंदूक खुंटीवरून काढली, उगाच खांद्यावरच्या फडक्यानं पुसली. हमामा दारात उभी होती.

"डॉक्टर हरला तर काय?" दैफुल्लानं विचारलं.

"हरला तरी त्याचं तोंड त्याच्याकडं आहे. त्यानं हो म्हटल्याशिवाय लाल्याला थांबावं लागेल."

"आणि मेला असला तर?"

मेलेल्याचा शब्द मुलाकडे जातो. मुलगा नसला तर दावाच संपतो, आणि उरलेला माणूस एकटा बोरीखाली येऊ शकतो. हा नियम हिजामनंच कितीदा सांगितला होता.

"मेंढा खाताना माझ्याच शेजारी बसला होता तो," तो म्हणाला. "त्याला मुलगा आहे का, एवढं विचारायचं राहून गेलं."

"पुढच्या खेपेला सनात विचारतो," दैफुल्ला म्हणाला. या वेळी त्यानं टोमणा मारला नाही.

हिजामनं बंदूक परत खुंटीला लावली आणि तेलाची बाटली मागितली.