पंचावन्नच्या पुढची थरथर

उस्तादांच्या ट्रकची चाकं महिन्याभरात दोनदा बॅलन्स करून झाली होती, तीही दोन वेगवेगळ्या दुकानांत. तरी स्टिअरिंग थरथरतं ही त्यांची तक्रार काही थांबेना. तिसऱ्या खेपेला ट्रकच्या मालकाने तो मुद्दाम उस्तादांच्याच मुलीकडे पाठवला. घरात ती धाकटी. मोठ्या रस्त्याच्या कडेला चाकांच्या कामाचं दुकान टाकून तिला अकरा वर्षं झाली होती.

ट्रक पोचायच्या आधी मालकाचा फोन आला. माणूस वाईट नव्हता, म्हणून बराच वेळ आडून आडून बोलत राहिला. उस्ताद त्याच्या वडिलांच्या वेळेपासून, चौतीस वर्षं गाडीवर होते. पण परवा ऑफिसात सही करताना त्यांचा हात कसा थरथरत होता ते त्याने पाहिलं होतं. शेवटी त्याने सरळच विचारलं.

"गाडी हलतेय की माणूस, एवढंच संध्याकाळपर्यंत सांग. तू सांगशील ते मी मानीन, आणि तेही मानतील."

धाकटीने बरं म्हणून फोन ठेवला. तो हात तिनेही पाहिला होता. उजवा अंगठा, ते नुसते बसलेले असतानाही, तर्जनीवर सारखा घासत राहायचा. तिने ते कुणालाच बोलून दाखवलं नव्हतं, आईलाही नाही.

ट्रक आला. मागे बारा टन फरशा भरलेल्या. उस्ताद, म्हणजे तिचे बाबा, उतरले, आणि स्टिअरिंगचीच थरथर आहे म्हणजे पुढचीच चाकं बघ, एवढं सांगून बाकावर बसले. दोन्ही हात त्यांनी काखेत धरले होते.

धाकटीने पुढची चाकं जॅकवर उचलली. आधी वर-खाली धरून हलवून पाहिली, मग आडवी धरून. बेअरिंग घट्ट होतं, सांध्यांत कुठे ढिलाई नव्हती. खडू टेकवून चाक फिरवलं, तर खडूची रेघ सगळीकडे सारखीच उमटली. म्हणजे रिम वाकडी नव्हती. नटांच्या भोकांपाशी गंजाचे ओघळ नव्हते, म्हणजे नटही ढिले नव्हते. चाकं काढून बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवली, तिथेही काटा शून्यावर. आधीच्या दुकानांनी लावलेली शिशाची वजनं जागच्या जागी होती. काम चोख झालेलं होतं.

मग तिने स्वतः ट्रक चालवला. दहा किलोमीटरचा फेरा मारून आली. साठ, पासष्ट, कुठेही काही नाही. स्टिअरिंग देवळातल्या खांबासारखं स्थिर.

परत येताना ती शब्द जुळवत होती. आता हे बाबांना सांगायचं कसं? ज्या माणसाने स्वतः शेजारी बसून तिला गिअर टाकायला शिकवलं, त्याला म्हणायचं, बाबा, गाडी ठीक आहे, तुम्हीच बिघडलात.

दुकानात आल्यावर तिने हात धुतले, पुसले, परत धुतले. बाबा बघत होते. काय सापडलं ते त्यांनी विचारलंच नाही. मग काहीतरी बोलायचं म्हणून तिनेच विचारलं की थरथर नेमकी सुरू कधी होते. एखाद्या लांबच्या नातेवाइकाच्या आजाराबद्दल सांगावं तसं त्यांनी शांतपणे सांगितलं. निघाल्या निघाल्या कधीच नाही. अर्धा-पाऊण तास भरलेली गाडी पळाली की मग. पंचावन्नच्या पुढे काटा गेला की येते, पन्नासच्या खाली आणला की जाते. आणि ती सलग नसते. चाकाच्या एका फेऱ्याला एक ठोका, डावीकडून.

धाकटी ऐकत राहिली. हाताच्या दुखण्याला स्पीडचा काटा कुठून कळणार? ते पंचावन्नला येऊन पन्नासला कसं जाईल? आणि तिने स्वतः गाडी चालवली होती ती सकाळच्या थंड टायरांवर, जेमतेम पंधरा मिनिटं.

"चला," ती म्हणाली. "तासभर पळवू. पण मी चालवणार."

"आणि मी बाजूला बसू?"

"बाजूला बसा."

बाजूच्या पायरीवर पाय ठेवताना त्यांचं तोंड कडू झालं होतं.

पहिला अर्धा तास काही झालं नाही. ऊन चढलं, रस्ता तापला. धाकटीने दोन्ही तळवे स्टिअरिंगवर सैल ठेवले होते, येईल ते जाणवावं म्हणून. शेजारी बाबा समोर बघत बसले होते, मांडीवर अंगठा चालूच. चाळीस मिनिटं झाली. तिला वाटायला लागलं की आपण नुसता वेळ काढतोय, फोन करायचा टाळतोय.

चढ संपून रस्ता उताराला लागला. उजवीकडे खडक, डावीकडे लोखंडी कठडा, आणि पुढे चार किलोमीटर गाडी बाजूला घ्यायला जागा नाही. काटा अठ्ठावन्नवर होता. तेव्हा डाव्या तळव्याला काहीतरी लागलं. टक. मग परत टक. दहा सेकंदांत त्याची लय झाली.

तिला क्षणभर हसू आलं. बाबा खरं बोलत होते. गाडीच हलत होती. आणि लगेच तिच्या लक्षात आलं की ती काय चालवतेय. थंड असताना मशीनला फसवणारा आणि तापल्यावर ठोके देणारा टायर म्हणजे आतले थर सुटलेला टायर. पुढचा डावा. मागे बारा टन. तो आत्ता फुटला तर गाडी सरळ कठड्यात.

ठोका जोरात यायला लागला. डॅशबोर्ड खडखडला. पाय आपोआप ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको." बाबांचा आवाज चढलेला नव्हता. "वजन पुढे येईल. एक गिअर उतरव. सावकाश."

तिने उतरवला. इंजिन गुरगुरलं. बावन्न.

"अजून एक. स्टिअरिंग घट्ट धर, पण ओढू नकोस. फुटलाच तर डावीकडे खेचेल. तेव्हाही ब्रेक नाही."

मागे एक बस चिकटली होती, हॉर्न वाजवत होती. बाबांनी खिडकीतून हात काढून बसला मागे राहायची खूण केली. तो हात पानासारखा थरथरत होता, पण बसवाल्याला कळलं आणि त्याने अंतर सोडलं. पंचेचाळीस. चाळीस. ठोका मंदावला, तरी गेला नाही. आधी तो काटा पन्नासच्या खाली आला की थांबायचा. बाबांनीही ते ओळखलं होतं, कारण त्यांनी सीटचा पट्टा एकदा ओढून बघितला आणि तिलाही बघायला सांगितलं.

ते चार किलोमीटर किती वेळ चालले ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. उतार संपला, मुरमाचं मोकळं मैदान लागलं. बाबांनी सांगितलं तशी तिने गाडी आधी आपोआप मंद होऊ दिली आणि अगदी शेवटी ब्रेकला पाय लावला.

दोघं खाली उतरले. बाहेरून टायर साधाच दिसत होता. धाकटी पोटावर झोपून गाडीखाली शिरली, तेव्हा आतल्या कडेला तिला फुगवटा दिसला. पुरीएवढा, टणक, आणि हात लावू देईना इतका गरम. ती बाहेर आली आणि मागच्या चाकाला टेकून बसली.

"सापडला," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. त्यांनाही खाली वाकून तो बघायचा होता, पण आधी त्यांनी तिला पाणी दिलं.

टायर निवल्यावर स्टेपनी चढवायला घेतली. चाक दोघांनी मिळून बसवलं. धाकटी नट लावत होती, पलीकडचे दोन बाबा लावणार होते. तिचे आठ झाले तरी त्यांचा पहिलाच चालला होता. नट बोल्टच्या आट्यांवर बसेना. तोंडाशी जायचा, थरथरायचा, निसटायचा. तीनदा मातीत पडला. ती दुसरीकडे बघत राहिली. चौथ्यांदा त्यांनी नट उचलला, विजारीला पुसला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"हे तू लाव," ते म्हणाले.

मालकाला फोन तिनेच लावला. टायरचे थर सुटलेत, उस्तादांनी महिनाभर जे सांगितलं ते शब्दन् शब्द खरं होतं, असं तिने सांगितलं. मालक माफीचं काहीतरी पुटपुटला. आता फोन ठेवला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. तिलाही ते ठाऊक होतं. तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला आणि फोन मागून घेतला.

"टायर खराबच होता," त्यांनी सांगितलं. "पण तुम्ही माझा हात बघितलात, तेही खोटं नाही. ही खेप मुलगी पोचवेल. उद्यापासून दुसरा माणूस बघा."

फरशा उतरवून दोघं परत आले. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. अंगठा जरा शांत झाला. तीन आठवडे ते घरातून बाहेर पडले नाहीत, धाकटीशीही तुटक बोलत. फोन तुम्हीच मागून घेतला होतात, असं तिच्या ओठांवर यायचं, पण ती ते गिळायची.

मग एका सकाळी ते दुकानात आले. एक ट्रक जॅकवर होता. त्यांनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि जॅक चुकीच्या जागी लावलाय म्हणून तिला सगळ्यांसमोर झापलं. तिच्या मते तो बरोबर जागी होता. दुपारपर्यंत दोघांचा वाद चालला.