पत्र्याखालचा हात

काल्हेरच्या नाक्यावर केसरीनाथची रंगाची शेड होती. त्याने मारलेला रंग चार पावसाळे हलायचा नाही, अशी भिवंडीत ख्याती. म्हणून ब्याण्णव साली सुधीर आपली बस घेऊन त्याच्याकडेच आला. गोदामांच्या कामगारांची ने-आण करायला त्याने ती जुनीच विकत घेतली होती. अंगाला सगळा ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि मागून दुसऱ्या खिडकीखाली रंगाला फोड.

केसरीनाथने फोड खरवडला. चुन्यासारखी पांढरी भुकटी सांडली.

"ॲल्युमिनियम लोखंडावानी तांबडं गंजत न्हाय," तो म्हणाला. "लोखंडी स्क्रूपाशी खारं पाणी शिरलं, की आतनं असं फुलतं आणि रंग उचलतं."

त्याने स्क्रू बदलले. त्याच्या बायकोने, चंद्राने, पत्रा लख्ख घासून दिला. त्यावर प्रायमर, मग निळा रंग. दीड महिन्याने बस परत आली. फोड त्याच जागी. पण आता त्याला आकार होता. तळवा आणि बोटं.

केसरीनाथ चंद्रावर उखडला. "उघड्या पत्र्याला घामाचा हात लावलास! घामातलं मीठ रंगाखाली ऱ्हातं नि मग वर येतं. कितींदा सांगितलंय?"

चंद्राने आपला हात त्या फोडावर ठेवला. फोडातला हात तिच्या हाताहून कितीतरी मोठा होता. मग तिने नुसतं दाखवलं. करंगळीशेजारचं बोट मधल्या पेरापाशीच संपत होतं.

"अवो, ह्यो भावजींचा हात हाय."

केसरीनाथच्या धाकट्या भावाचं, विठूचं, उजव्या हाताचं ते बोट पत्रा कापताना गेलं होतं. विठू याच शेडमध्ये कामाला होता. एकदा त्याने घासून ठेवलेल्या बोनेटला उघडा हात लावला, काम बिघडलं, आणि केसरीनाथने गिऱ्हाइकासमोर त्याच्या मुस्कटात मारली. "माझ्या कामाला परत हात लावू नको. तोंड दाखवू नको!" विठू नेसत्या कपड्यांनिशी गेला. त्याला दहा वर्षं झाली होती.

"त्यानंच कवातरी ह्यो पत्रा ठोकला असंल," केसरीनाथ म्हणाला. म्हणजे विठू कुठंतरी आहे, या विचाराने त्याला क्षणभर बरंही वाटलं. त्याने तो पत्राच उपटून टाकला. भिवंडीतून कोरा पत्रा आणून ॲल्युमिनियमच्याच रिव्हेटनी बसवला आणि हातमोजे घालून एकट्याने रंगवला.

तीन आठवड्यांत कोऱ्या पत्र्यावर तोच हात उमटला. केसरीनाथने आपला उजवा तळवा त्याच्यावर टेकवून पाहिला. अंगठा उलट्या बाजूला पडला.

"भायेरनं न्हाय," चंद्रा पुटपुटली. "आतनं लावलाय."

सुधीरकडून पत्ता घेऊन केसरीनाथ गणेशपुरीला गेला. बसचा आधीचा मालक चांगदेव ओटीवर बसला होता. तुटक्या बोटाचं विचारताच म्हातारा सावरून बसला.

"विठू? माझ्या बसवर क्लीनर होता. चौऱ्याऐंशीच्या पुरात गाडी नदीत कलंडली. मागच्या खिडकीतनं त्यानं सात बायका नि पोरं वर ढकलली. त्याला सोताला निघता न्हाय आलं. पाणी उतरल्यावर बघितला, तर हात पत्र्याला तसाच लावलेला."

"घरी का न्हाय कळवलंत?"

"कोणाला कळवू? घर विचारलं की म्हणायचा, मला कोनी न्हाय."

केसरीनाथने नदीकाठी विठूचे दिवस घातले. मग परत येऊन तो फोड खरवडायला बसला. मे महिना, ऊन रखरखत होतं. पात्याखालून भुकटी निघाली नाही. गढूळ, गार पाण्याची धार लागली. ती मनगटावरून ओघळून थांबेपर्यंत त्याने हात मागे घेतला नाही. मग मोजे न घालता त्याने रंग चढवला.

त्यानंतर तिथे काही उमटलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर सुधीर म्हणाला, "पत्रा आरशासारखा आहे बघा." चंद्राने हात जोडले. केसरीनाथ मात्र बस नाक्यावर थांबली, की त्या खिडकीखाली बोटं फिरवून बघायचा, एखादा तरी फोड लागतो का.