देखभाल: एक व्यक्ती

"आता हळूच वाक. दुखायला लागलं की थांब."

मागच्या अंगणात खुर्चीवर बसून काका सांगत होते. काकू वाकल्या, गुडघ्यात कळ आली तशा थांबल्या. काकांनी जमिनीपासून त्यांच्या बोटांपर्यंतचं अंतर टेपने मोजलं, कागदावर टिपलं आणि दम खायला मागे टेकले. एवढ्यानंही हल्ली त्यांना धाप लागायची.

काकांचं हृदय थकलंय, किती महिने साथ देईल सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी महिन्यापूर्वी सांगितलं. दोघांनी ते शेजारी शेजारी बसून ऐकलं आणि घरी आल्यापासून त्यावर एक अक्षरही काढलं नाही. त्याऐवजी काकांनी बागेचा विषय काढला होता.

मुलाचा फोनवरून सल्ला होता की सरळ फरशी घाला, कटकट मिटेल. काकांना तो पटला नाही. गल्लीत त्यांना सगळे पट्टीकाका म्हणत. पाणीपुरवठा कार्यालयात बत्तीस वर्षं त्यांनी नळांचे नकाशे काढले होते. भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं दिसलं तर हातातला घास ठेवून ते सरळ करायला उठत. काकू म्हणत, लग्नात माझ्या कपाळावरचं कुंकूही यांनी मापूनच पाहिलं असेल.

आठ दिवसांत काकांचा नकाशा पूर्ण झाला. काकूंना वाकावं लागू नये एवढ्या उंचीचे विटांचे वाफे. त्यांत कोरफड आणि सदाफुली, म्हणजे कुणी विसरलं तरी न रुसणारी झाडं. तण उगवू नये म्हणून मधे खडी. ठिबकची नळी, आणि तिचा नळ स्वयंपाकघराच्या दाराशीच. कुंपणालगत अकरा गुलाब होते. नकाशात त्या प्रत्येकावर लाल फुली होती. छाटणी, फवारणी, खत असे त्या गुलाबांचे नखरे काकांनी वीस वर्षं पुरवले होते. आता रविवारी शेजारची शिंपीणबाई ते उपटून न्यायला येणार होती.

काकूंनी चष्मा पुसून नकाशा निरखला. उजव्या कोपऱ्यात, कार्यालयातल्या नकाशांवर असे तशी, बारीक अक्षरांत एक चौकट होती. 'देखभाल: एक व्यक्ती. आठवड्यातून दहा मिनिटे.'

त्या शब्दांवरून त्यांची नजर हलेना.

"समजलं नाही का कुठे?" काकांनी विचारलं.

"समजलं. फार छान आहे. पण मला नको."

काकांचा चेहरा पडला. कुठे चुकलं ते दाखव, म्हणून त्यांनी पेन्सिल पुढे केली. काकूंनी ती घेतली नाही.

"चूक एकही नाही हो. पण सगळंच आपलं आपण वाढणार असेल, तर सकाळी मी उठू कशासाठी?"

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. मग पुटपुटले, "तुझे गुडघे..."

"गुडघ्यांचं मी बघेन. रोजचा एक तरी नेम माझ्या हाती राहू द्या."

महिनाभर जे दोघांनी टाळलं होतं, ते असं फुलझाडांच्या निमित्तानं बोलून झालं. काकांनी खोडरबर घेतलं आणि एका फुलीवर ते घासलं.

"एकच," ते म्हणाले. "दोन झेपायचे नाहीत तुला. कोपऱ्यातला ठेवू. पण तो सगळ्यात हट्टी आहे."

"हट्टी माणसाची सवय आहे मला."

काका हसले, आणि हसता हसता खोकले. मग चौकटीतली 'आठवड्यातून दहा मिनिटे' खोडून तिथे त्यांनी 'रोज' लिहिलं. 'एक व्यक्ती' तसंच राहिलं.

उन्हं उतरल्यावर काकूंनी खुर्ची त्या गुलाबापाशी नेली आणि काकांना हात धरून बसवलं. घरात आजवर कुणालाही हात लावू न दिलेली छाटणीची कात्री काकांनी त्यांच्या हातात दिली. फांदीवरचा बाहेरच्या बाजूला तोंड केलेला डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, शोध, त्याच्या नखभर वर, तिरका काप घे, असं ते शांतपणे सांगत गेले. काकूंनी डोळा शोधला, श्वास रोखला आणि कात्री दाबली.

काप सरळ बसला. डोळ्याच्या वर चांगला दोन बोटं खुंट राहिला. चुकलं हे काकूंनाही दिसलं. त्यांनी काकांकडे पाहिलं.

काका त्या खुंटाकडे बघत होते. कात्री घ्यायला त्यांचा हात पुढे आलाही. मग तो त्यांनी सावकाश मागे नेऊन मांडीवर ठेवला.

"चालेल," ते म्हणाले. "आता पुढची फांदी बघ."