मशीन बंद पडलं तेव्हा

आमच्या दुकानासमोर मेट्रोवाल्यांनी पत्रे ठोकले आणि आमची पार वाट लागली. रस्त्यावरून दुकान दिसेनाच. पत्र्यामागच्या बोळातून चिखल तुडवत दाढीला कोण येतंय? दोन खुर्च्या, दोन भाऊ आणि माश्या! माझं सोडा, मी केस कापतो, ते कुणीही कापतं. दुकान चालायचं ते दादाच्या वस्तऱ्यावर.

समोर मशीन जमिनीत घुसायला लागलं की आरसे खडखडायचे, साबणाच्या वाट्या सरकायच्या. दादानं त्यातूनही युक्ती काढली. घाव घालायच्या आधी मशीन जराशी घरघर करायचं. ती ऐकू आली की हा वस्तरा उचलायचा, हादरा गेला की पुन्हा टेकवायचा. तरी एकदा शेजारच्या शिंप्याच्या हनुवटीला लागलंच. मी तडक बाहेर जाऊन मुकादमाच्या अंगावर धावलो. "घाल ते मशीन चुलीत! उद्या कुणाचा गळा कापला जाईल!" तो बिचारा हात जोडत राहिला. दोष मशीनचाच. दादाच्या हाताला नावं कोण ठेवणार?

शिंपी गेला तो गेलाच. गिऱ्हाइकांत उरले एकटे म्हातारे मास्तर. पत्र्याला धरत धरत यायचे, डोळे मिटून मान मागे टाकायचे. म्हणायचे, "तुझ्या हाताखाली झोप लागते रे."

काल ते खुर्चीत बसले आणि मशीन बंद पडलं. काय शांतता! पंख्याची कुरकुरसुद्धा ऐकू आली.

"चला, आज निवांत," मी म्हटलं.

दादानं साबण लावला, वस्तरा उघडून मास्तरांच्या गळ्याशी नेला. आरसा स्थिर होता. वाट्या जागच्या जागी होत्या. वस्तरा थरथरत होता.

दादानं हात मागे घेतला. दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरून पुन्हा नेला. तेच. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"काय रे, थांबलास का?" मास्तरांनी डोळे मिटूनच विचारलं.

"ते मशीन..." दादा म्हणाला.

मी बाहेर पळालो. मला बघून मुकादम दोन पावलं मागे सरला. "अहो, बंद आहे आज! पार्ट यायचाय. आता तरी शिव्या देऊ नका."

"चालू कधी होणार?" मी विचारलं. "लवकर चालू करा हो, पाया पडतो तुमच्या."