बादलीवर लावलेली पैज

मित्रांनो, मला पाहून पुष्कळांना वाटतं की ही भात वाढायची बादली असेल. अहो, नाही! मी एक जुनी आंघोळीची बादली आहे. अंग लाकडाचं, कंबरेला तांब्याची दोन कडी आणि वय एकावन्न.

बेप्पू या गरम झऱ्यांच्या गावातल्या एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवलं. सुवासिक लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना बिलगवल्या, खिळा एकही मारला नाही. मला माझ्या मालकिणीच्या, शिगेनोच्या हाती देताना तो म्हणाला, "पोरी, हिला रोज पाणी दाखव. सुकली की मोडली म्हणून समज."

आमची शिगेनो तेव्हा गावातल्या गरम झऱ्याच्या स्नानगृहात कामाला होती. आलेल्या बायकांच्या पाठी चोळून द्यायची. मी पाणी ओतायचे, ती चोळायची. मासे विकणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या, नव्याने लग्न झालेल्या, सगळ्यांच्या पाठी आम्ही धुतल्या. "शिगेनोबाईंचा हात फिरला की घरी जाऊन सासूसुद्धा गोड वाटते," असं बायका म्हणायच्या. मी फुशारून जायचे!

तीन वर्षांपूर्वी त्याच स्नानगृहाच्या ओल्या फरशीवर शिगेनो घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. लेक हिसाए सोबत होती, साबण घ्यायला जरा वळली होती, तेवढ्यात झालं. हाड जुळलं, शिगेनो काठी घेऊन हिंडू लागली; पण हिसाएच्या मनातली भीती काही गेली नाही. आईची आंघोळ बंद. रोज ओल्या फडक्याने अंग पुसायचं, बस्स. आणि मला? मला रेशमी कापडात गुंडाळून बैठकीच्या फळीवर ठेवलं, खाली हीटर. पाहुणे म्हणायचे, "वा, किती जपलीये!" जपलीये कसली, डोंबल! माझ्या पट्ट्या आकसत होत्या, कडी सैल होत होती.

मग शिगेनोचा अठ्ठ्याऐंशीवा वाढदिवस आला. आमच्याकडे हा मोठा मान, सोनेरी बंडी आणि सोनेरी टोपी घालायचा. हिसाए आणि नात माहो यांनी जहाजाची सफर ठरवली. टाक्यांत झऱ्याचं गरम पाणी भरून नेणारं जहाज, वरच्या मजल्यावर मोठं न्हाणीघर. पण हिसाएने आधीच बजावलं, "आई, फक्त पाय बुडवायचे हं."

"पाय? मी काय बदक आहे?" शिगेनो म्हणाली. "सगळ्यांच्यात बसून खांद्यापर्यंत बुडायचंय मला. एवढं एकच मागतेय."

"नाही म्हणजे नाही."

शिगेनोने सोनेरी बंडीखाली हळूच मला पिशवीत घातलं.

संध्याकाळी जहाजावर लाल चवळीचा भात आणि भाजलेला मासा खाऊन झाल्यावर तिने खोलीतल्या नळाखाली मला भरलं. काय सांगू मित्रांनो, चारही बाजूंनी धारा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बघ," हिसाए म्हणाली, "बादलीसुद्धा थकली. तू तरी ऐक माझं."

शिगेनोने माझी कडी तळहाताने ठोकून घट्ट बसवली. "पैज लावतेस? हिला भिजत ठेवते. सकाळी एक थेंब जरी गळला, तरी पुन्हा आंघोळीचं नाव काढणार नाही. नाही गळला तर खांद्यापर्यंत."

"लाव की गं आई!" माहो हिसाएकडे बघून हसली. "जिंकणार तूच ना?"

"लावली," हिसाए म्हणाली. त्या धारा पाहून तिची खात्रीच होती.

रात्रभर मी एका मोठ्या भांड्यात बुडून पाणी पीत राहिले. तीन वर्षांची तहान ती! पट्टी पट्टीला भिडली, कडी पुन्हा कंबरेत रुतली. तरी धाकधूक होतीच. माझ्या एका फटीपायी माझ्या शिगेनोचा झरा कायमचा सुटणार होता.

सकाळी माहोने मला काठोकाठ भरून कोरड्या टॉवेलवर ठेवलं. शिगेनोने सावकाश एक कप चहा प्यायला. मग मला उचललं. हिसाएने टॉवेलवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"कोरडाय," ती म्हणाली. "आई, तू परत पडलीस तर?"

"तर धर मला. तू आहेस कशाला?"

दोघींनी दोन्हीकडून धरून तिला वरच्या न्हाणीघरात नेलं. आधी स्टुलावर बसवून माझ्यातून पाणी ओतलं, मग शिगेनो पाण्यात उतरली. गुडघे, कंबर, खांदे. बाकीच्या बायकांच्या डोक्यावर घडी केलेले टॉवेल, हिच्या डोक्यावर सोनेरी टोपी! जहाज जरासं कललं, पाणी काठावरून सांडलं.

"अहाहा!" शिगेनो एवढ्या मोठ्याने म्हणाली की सगळ्या वळल्या. टोपी पाहून टाळ्याच टाळ्या.

बाहेर येताच ती म्हणाली, "हिसाए, बस इथे. तीन वर्षं मला पुसतेयस. तुझ्या पाठीला कुणी हात लावलाय का?"

ती लेकीची पाठ चोळू लागली. माहो आजीच्या मागे बसली, माहोच्या मागे एक अनोळखी बाई, तिच्या मागे आणखी एक. बघता बघता एकमेकींच्या पाठी चोळणाऱ्या सात जणींची रांग झाली. पुढे बसलेली हिसाए हसत होती आणि रडतही होती. पाणी ओतत होते मी!

मित्रांनो, जुनी वस्तू असो की जुनं माणूस, फळीवर ठेवून जपू नका. आम्हाला कामात घ्या, रोज पाणी दाखवा. आता शिगेनोच्या आंघोळीला मी रोज भरते. हिसाए अजूनही माझ्या तळाशी हात लावून पाहते, गळतेय का म्हणून. पाहू दे बापडीला. हात कोरडाच निघतो.