टकटकदादांचा लाकडी पाय

मी एक जुना लाकडी पाय आहे. डावा. हसू नका, मित्रांनो! लष्करी दवाखान्यामागच्या कार्यशाळेत एका सुताराने मला हलक्या लाकडातून घडवलं. गुडघ्याला लोखंडी बिजागरी बसवली, कमरेला बांधायला चामड्याचे पट्टे लावले आणि मला थेट वॉर्डात नेऊन एका तरुण सैनिकाच्या खाटेवर ठेवलं.

या सैनिकाने जळत्या ट्रकमधून आपले तीन सोबती एकेक करून बाहेर काढले होते. चौथ्याला आणायला तो पुन्हा धावला आणि स्फोट झाला. चौथा वाचला नाही, याचा पाय गेला. छातीवर शौर्यपदक लागलं. पण पदक धरून काही चालता येत नाही.

पहिल्याच दिवशी त्याने मला भिंतीवर भिरकावलं. "मला हा ओंडका नको! माझा पाय द्या!"

सिस्टरने मला उचललं, पुसलं आणि म्हणाली, "तो आता मिळायचा नाही. हा मिळालाय. तुम्ही दोघं भांडून घ्या, तोवर मी जेवणं वाटून येते."

आम्ही खूप भांडलो. मी त्याची कातडी सोलली, त्याने मला शिव्यांची लाखोली वाहिली. पण हळूहळू आमचं जमलं, आणि माझ्या तोंडी 'तो'चे 'ते' झाले. कुणाचा हात न धरता ते फाटकाबाहेर आले, तेव्हा त्यांची बायको भर रस्त्यात रडायला लागली.

"अगं, पडलो का मी?"

"पडला असतात तर हसले असते," ती म्हणाली.

सगळ्यांना वाटलं, आता हे सुखाने घरी बसतील. टपाल कचेरीत त्यांना नोकरीही मिळाली. पण पुढच्याच आठवड्यात कचेरी सुटल्यावर ते पुन्हा वॉर्डात हजर!

"आता काय विसरलात?" सिस्टरने विचारलं.

"माणसं," ते म्हणाले.

तेव्हापासून हा नेमच झाला. हात गेलेल्यांची ते दाढी करत, डोळे गेलेल्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत, घरच्यांना धीर देत. कुणाच्याही खाटेपाशी गेले की दारावर वाजवावं तसं माझ्यावर बोटांनी वाजवत आणि विचारत, "टकटक! येऊ का आत?" त्यावरून सगळे त्यांना टकटकदादा म्हणू लागले. खोटं कशाला बोलू, मला फार अभिमान वाटायचा.

एकदा वॉर्डात लष्करी ट्रकचा एक ड्रायव्हर आला. त्याचे दोन्ही पाय गेले होते. तो जेवत नव्हता, दारात उभ्या असलेल्या आईचं तोंडही पाहत नव्हता. दादांना पाहताच तो ओरडला, "पदकवाल्यांचा उपदेश नको मला! जा इथून!"

दादा गेले नाहीत, उपदेशही केला नाही. त्यांनी पट्टे सोडून मला काढलं, त्याच्या खाटेवर आडवं ठेवलं आणि माझा अंगठा कराकरा खाजवू लागले.

ड्रायव्हर बघतच राहिला. "हे काय करताय?"

"खाज सुटलीय."

"अहो, तो लाकडाचा आहे!"

"ते तुला कळतं, मला कळतं. पण अंगठ्याला कोण सांगणार?"

ड्रायव्हर पांघरुणाच्या सपाट टोकाकडे पाहू लागला. मग अगदी हळू म्हणाला, "माझ्या टाचा दुखतात, दादा. दोन्ही. मला वाटलं, मला वेड लागलं."

"वेड नाही रे. सगळ्यांना होतं. मला अजून होतं."

तो दादांच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. त्या संध्याकाळी तो आईच्या हातून जेवला.

काही वर्षांनी एका मोठ्या सभागृहात दादांचा सत्कार ठरला. दादा वॉर्डातल्या जुन्या-नव्या सगळ्यांना घेऊन गेले, ड्रायव्हरलाही. चाकाच्या खुर्च्यांवरच्यांना मात्र आयोजकांनी मागे, खांबाआड बसवलं. व्यासपीठाला उंच पायऱ्या होत्या. वर वृद्ध सेनापती हार घेऊन उभे होते. दादांचं नाव पुकारलं गेलं. ते पायऱ्यांपाशी गेले आणि तिथेच थांबले. ते मला घट्ट रोवून उभे होते.

"साहेब, मी चढू शकतो," ते म्हणाले, "पण माझी माणसं चढू शकत नाहीत. जमलं तर आपणच खाली या."

आयोजकांचे चेहरे उतरले. सेनापतींनी हार बाजूला ठेवला आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. थेट खांबाआड गेले आणि ड्रायव्हरचा हात हातात घेऊन म्हणाले, "चूक आमची झाली." त्या सभागृहाला पुढे उतार बांधला गेला. मग दवाखान्याला, मग टपाल कचेरीलाही.

वय झालं तसं दादांचं शरीर आटलं आणि मी त्यांना सैल होऊ लागलो. धातूचा नवा, हलका पाय आला. मी माळ्यावर गेलो. पट्टे कडक झाले, बिजागरी गंजली. वाईट वाटलं, पण राग नाही आला. दादांच्या पायऱ्या सोप्या झाल्या होत्या ना! पुढे ड्रायव्हरने कृत्रिम पाय दुरुस्त करायचं दुकान काढलं. त्याने मला दादांकडून मागून नेलं, तेल पाजलं आणि रस्त्याकडच्या काचेमागे उभं केलं.

तिथूनच मी दादांची अंत्ययात्रा पाहिली. फुलांनी झाकलेली गाडी पुढे होती. मागे ती सगळी माणसं. लाकडी पाय, धातूचे पाय, कुबड्या, चाकं. आंधळ्यांनी कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर हात ठेवला होता. "गाडीत बसा," असं लोक विनवत होते. कुणी बसलं नाही. यात्रा इतकी हळू चालली होती की मागे अख्ख्या शहराच्या गाड्या खोळंबल्या होत्या. एकानेही भोंगा वाजवला नाही.

मित्रांनो, आम्हा लाकडी पायांना थोडं तेल आणि मऊ पट्टा पुरतो. माणसांना तेवढ्याने भागत नाही. हात, पाय किंवा डोळे गेलेला असा कुणी रस्त्यात भेटला, तर मान फिरवू नका आणि 'अरेरे'ही म्हणू नका. त्याचं नाव विचारा, आपलं सांगा. आणि चार पावलं त्याच्या चालीने चाला.