डावीकडे बघणारा भाग

पांढऱ्या भिंतीवर हेडलाइटचा झोत पडला आणि तपासणी केंद्रातल्या साहेबांनी नकारार्थी मान हलवली.

"डावीकडे चढतोय. नापास."

जावयाने डोक्याला हात लावला. गाडी ज्या देशातून आली होती तिथे लोक रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात, म्हणून तिथले दिवे डावीकडचा फुटपाथ जरा जास्त उजळतात. इथे सगळे उजवीकडून जातात. म्हणजे तोच उजेड आता समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत. पहिल्या खेपेला नापास, दुसऱ्या खेपेला नापास. तिसरी आणि शेवटची खेप आजच, पाच वाजेपर्यंत. तेव्हाही जमलं नाही तर गाडी बोटीने परत.

गाडी गेली तर जावई रडला नसता. पण गाडीत सासरे बसले होते.

सासऱ्यांनी लेकीकडे राहायला यायचं कबूल केलं होतं ते गाडीसकट. बंदरावर त्यांनी जाहीर करून टाकलं, "हिला या देशात घेतल्याशिवाय मी खाली पाय ठेवणार नाही." आज तिसरा दिवस. पुढच्या डाव्या सीटवर ते मांडी ठोकून होते. बंदराचं शौचालय त्यांनी देशात धरलं नव्हतं, एवढीच काय ती सूट. बायकोने सकाळीच फोनवर सांगितलं होतं, "बाबांना घेऊन या, नाहीतर तुम्हीपण त्याच बोटीने जा."

जावई गाडी घेऊन कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे धावला. मिस्त्रीने दिव्यांच्या काचांवरून अंगठा फिरवला, नाडी बघावी तसा.

"सवय आहे हिची. काच बदलायची तर सहा आठवडे. पट्टी लावतो, वीस मिनिटं."

"पट्टीने होईल?"

"उजेड वळेल. स्वभावाची गॅरंटी नाही."

त्याने प्रत्येक काचेवर एक पारदर्शक तिरकी पट्टी चिकटवली आणि उरलेला तुकडा कानामागे खोचला. मग तोही गाडीत मागे बसला. आपली पट्टी पास होताना बघायची त्याला फार हौस होती.

साडेचारला परत भिंतीसमोर. झोत पडला, थोडा घुटमळला आणि उजवीकडे चढला.

"छान," साहेब म्हणाले. जावयाच्या जिवात जीव आला. "आता गाडीतल्या सगळ्या सुट्या वस्तू बाहेर काढा."

छत्री निघाली. पाण्याची बाटली निघाली. मिस्त्री निघाला.

"आणि हे?"

"मी सुटा नाही," सासरे म्हणाले.

साहेबांनी सासऱ्यांचा दंड धरून हलकेच ओढून बघितला. सासरे तसूभर हलले नाहीत. साहेबांनी फॉर्मवर लिहिलं, 'भाग क्रमांक चौदा, पक्का बसवलेला.'

"अहो साहेब, ते माझे सासरे आहेत!"

"असतील. पण हा भाग डावीकडे बघतोय."

ते मात्र खरं होतं. सासरे आयुष्यभर त्याच सीटवरून फुटपाथवरच्या लोकांकडे डोळे वटारून बघत आले होते. कोण कसा चालतो, कोणाचा शर्ट बाहेर आहे, सगळ्यांवर त्यांची करडी नजर. इथे त्या खिडकीसमोरून येणाऱ्या गाड्या जात होत्या. सकाळपासून तीन ड्रायव्हरांनी गाडी थांबवून त्यांची माफी मागितली होती. एकाने तर सीटबेल्टही लावून दाखवला.

"बाबा, जरा उजवीकडे बघा ना," जावई काकुळतीला आला.

"उजवीकडे तुम्ही बसता, जावईबापू. तुमचं ड्रायव्हिंग बघवत नाही."

पाचला सात मिनिटं कमी. साहेबांनी नापासचा शिक्का उचलला. तेवढ्यात मिस्त्रीने कानामागचा तुकडा काढला, कात्रीने त्याचे दोन केले आणि "काका, हलू नका हं" म्हणत सासऱ्यांच्या चष्म्याच्या दोन्ही काचांवर चिकटवले.

साहेब वीस पावलं मागे गेले. हातात नसलेलं स्टिअरिंग धरून ते डाव्या खिडकीच्या रोखाने हळूहळू चालत आले. तोंडाने इंजिनाचा आवाज काढायलाही ते विसरले नाहीत. सासऱ्यांनी त्यांच्याकडे सवयीने डोळे वटारले. ती नजर पट्टीतून गेली, वळली आणि उजवीकडे उभ्या असलेल्या जावयावर पडली. जावई दोन पावलं मागे सरला.

"डोळे दिपले नाहीत," साहेब म्हणाले. "पास."

शिक्का बसला. मिस्त्रीने डोळे पुसले.

घरासमोर गाडी थांबली तेव्हा बायको दारातच उभी होती. "बाबा, उतरा आता! घेतलं ना तिला देशात?"

सासऱ्यांनी दार उघडलं, एक पाय बाहेर काढला. जावयाने तो पाय हातात धरून पुन्हा आत ठेवला.

"हे काय चाललंय?"

"बाबा गाडीचा भाग आहेत," जावई म्हणाला आणि प्रमाणपत्र पुढे केलं. "पास झालेला भाग काढला तर गाडी रद्द."

बायकोने कागद उलटा केला. वडील राहायला येणार म्हणून तिने महिनाभर आधीच खोली लावून ठेवली होती. असल्या कागदाचं ती ऐकणार नव्हती. बारीक अक्षरातल्या अठ्ठावीस अटी तिने रस्त्यात उभ्या उभ्या वाचून काढल्या. एकोणिसाव्या अटीवर तिचं बोट थांबलं.

"देखभालीसाठी कोणताही भाग रोज चौदा तासांपर्यंत बाहेर काढता येईल." तिने वडिलांच्या काखेत हात घातला. "चला बाबा. पाय धुवा, जेवा आणि झोपा. देखभाल आहे."

सासरे उतरले. तीन दिवसांनी त्यांचे गुडघे कुरकुरले. पट्टीतून त्यांना दार जरा उजवीकडे दिसलं म्हणून ते आधी भिंतीवर गेले, मग लेकीने धरून आत नेलं.

"उद्या सकाळी आठला परत बसवायचे हं!" जावई मागून ओरडला.

"मी नाही," आतून बायको म्हणाली. "ते तुमचं काम. आणि बसवताना नीट बसवा, गेल्या महिन्यात आपल्या जुन्या गाडीचा वायपर उलटा लावला होतात."